उभ्या गाडीचं अडखळणं

१

प्रीतमला एक खोड होती. तो इंजिनाशी बोलायचा. आता गाड्यांच्या धंद्यातले सगळेच बोलतात म्हणा, पण बाकीचे शिव्या हासडतात. हा समजावून सांगायचा. बोनेट उघडून, लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवून, मूठ कानाशी धरून उभा राहायचा आणि आतलं ऐकत पुटपुटायचा, "हां, हळू. घाई कोन सांगतली तुले? दम धर. सोड आता, हळूच सोड. आं, असं." गिऱ्हाइकं हसायची. बालाघाटात गोंदिया रोडला त्याचं गॅरेज होतं. पुढं टिनाचं शेड, मागं दोन खोल्यांचं घर, मधे अंगण. त्याच्या हातची गाडी सहसा परत येत नसे, त्यामुळं हसणारे हसून पुन्हा त्याच्याकडंच यायचे.

त्या हिवाळ्यात मात्र घरचीच गाडी बिघडली. गाडी त्याच्या बहिणीची, दीपिकाची. ती लालबर्ऱ्याला शाळेत शिकवायची आणि नवरा बाहेरगावी असल्यानं भावाजवळच राहायची. गाडी जुनी, टर्बो डिझेलची, दुसऱ्याच्या हातून घेतलेली. ती घ्यायचं कारण एकच होतं, ते म्हणजे त्यांची माय, जिजाबाई. तिच्या दोन्ही किडन्या थकल्या होत्या. आठवड्यातून दोनदा तिला गोंदियाला डायलिसिसला न्यावं लागे. एक खेप चुकली की पाय सुजायचे, दोन चुकल्या की श्वास लागायचा, आणि त्यापुढचं डॉक्टरांनी बोलून दाखवलं नव्हतं. बोलायची गरजही नव्हती.

आणि ही गाडी पळताना बरी, उभी राहिली की थरथरायची आणि बंद पडायची. एका खेपेला तर रेल्वे फाटकात, रुळांपासून हातभर अंतरावर, मायला आत घेऊन बंद पडली. लोकांनी ढकलून बाजूला काढली. ती खेप हुकली. पुढच्या खेपेला रेल्वेनं नेलं, तर येताना जिजाबाईनं प्लॅटफॉर्मवरच बसकण मारली आणि म्हणाली, "मले इथंच राहू द्या रे. मी थकली आता."

तेव्हा दीपिका एवढंच म्हणाली होती, "दादा, तू गावभराच्या गाड्या करतं. ही एक करून दे."

तुम्ही विचाराल, गाडी आधी कुणाची होती. प्रीतमनंही विचारलं होतं. एका साहेबाची होती, त्याची बदली झाली, त्यानं विकली. कुणी मेलं नव्हतं, कुठं ठोकली नव्हती. त्या वाटेनं जाऊन काही हाती लागत नाही.

२

उभ्या गाडीचा बिघाड म्हणजे बहुतेक वेळा हवेचा नाहीतर तेलाचा. टर्बोच्या गाडीत हवा दाबून आत जाते, तिच्या वाटेवर रबराचे जाडजूड पाइप असतात. गाडी जुनी झाली की ते तडकतात आणि हवा चोरपावलानं निघून जाते. प्रीतमनं साबणाचा फेस करून ब्रशानं पाइपांना फासला, इंजिन चालू केलं आणि बघत बसला. एका वळणावर फेसाला बुडबुडे आले. लहान मुलाच्या नाकातून यावेत तसे.

"सापडली का नाई?" तो खूश होऊन म्हणाला.

पाइप बदलला. गाडी चालू केली. थरथर कमी झाली, पण गेली नाही. इंजिनाचा आवाज वर चढायचा, खाली यायचा, पुन्हा घाबरल्यासारखा वर. तो पेचकस लावून ऐकत राहिला. "दाबू नोको. एकदम नोको दाबू. थोडं, थोडं... आं." आवाज खरंच जरा स्थिर झाला. आणि मग गाडीनं पुढच्या अंगाला एक उचकी दिली आणि बंद पडली.

प्रीतम चालकाच्या बाजूला आला. खिडकीतून हात घालून चावी फिरवायला गेला आणि तिथंच थबकला.

गाडी आपली आपण बंद पडली, तर चावी चालूच्या खुणेवरच राहते ना? मीटरवर ऑइलचा, बॅटरीचा लाल दिवा पेटतो. हे शेंबडं पोरही सांगेल. इथं एक दिवा पेटलेला नव्हता. चावी मागं फिरवलेली होती, अगदी नीट, बंदच्या खुणेवर. तिला अडकवलेलं पितळी कडं अजून हलत होतं.

'आपणच फिरवली असंल,' त्यानं मनाशी म्हटलं. हातांना सवयच असते. पण त्याचे दोन्ही हात पेचकसावर होते, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. मग तो म्हणाला की चावीचं कुलूप ढिलं असेल, धक्क्यानं मागं सरकलं असेल. ते पटण्यासारखं होतं. त्यानं कुलूप काढून तपासलं. चांगलं घट्ट होतं.

आणि न्यूट्रलमध्ये उभी गाडी पुढं उचकी का देईल, हा प्रश्न त्यानं जेवणानंतर विचारात घ्यायचं ठरवलं. जेवणानंतर दुसरी गाडी आली.

३

दुसऱ्या दिवशी त्यानं धूर परत आत फिरवणारा व्हॉल्व्ह काढला. काजळीनं तो इतका गच्च भरला होता की आत बोट जाईना. कारण असं डोळ्यांना दिसलं की मिस्त्रीला जो आनंद होतो तो ज्याचा त्यालाच कळतो. डिझेलनं धुवून, खरवडून, त्यानं व्हॉल्व्ह चकचकीत केला. तो बसवला आणि गाडी चालू करायला आत शिरला, तर त्याचे दोन्ही गुडघे स्टिअरिंगखाली आपटले.

सीट पुढं ओढलेली होती. पार पुढं, शेवटच्या खाचेपर्यंत.

"दीपे!" तो गुडघा चोळत ओरडला. "गाडीत बसली होती का तू?"

दीपिका शाळेला निघाली होती. ती फाटकातूनच म्हणाली, "मी कायले बसू? आन बसली तरी एवढी पुढं? माहे पाय काय बकरीचे आहेत का?"

खरंच होतं. दीपिका उंच होती. त्या जागी बसणाऱ्याचे पाय अगदी तोकडे असायला हवे होते. प्रीतमनं सीट मागं ढकलली, खाच नीट बसली का ते हलवून पाहिलं आणि इंजिन चालू केलं. गाडी काल आचके देत होती, आज नुसती कुरकुरत होती. बोनेटपाशी उभा राहून तो तिला सांगत राहिला, "पाय अलगद. अलगद म्हनलं ना. घाबरून सोडून देऊ नोको. बंद पडली तर पडली, चावी मागं कर, पुन्हा चालू कर. त्यात काय?" हे तो का बोलला, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. तोंडाला येईल ते तो बोलायचा. इंजिनाला पाय नसतात आणि चावीही नसते.

संध्याकाळी त्यानं दीपिकाला सांगितलं, "अर्धी बरी झाली. व्हॉल्व्ह जाम होता." तिनं हात जोडून कपाळाला लावले. थट्टेत लावले, पण डोळे भरले होते.

४

जिजाबाईला अंगणात ऊन खायला बसवत. खुर्चीवर, पायाखाली उलटी बादली, अंगावर शाल. कातडी पिवळट पडली होती आणि हातावरची, सुया टोचायची नस दोरीसारखी वर आली होती. ती फारसं बोलत नसे. बसल्या बसल्या शेडकडं बघायची.

त्या दिवशी प्रीतम इंजेक्टर तपासत होता. प्रत्येकाच्या परतीच्या नळीला छोटी बाटली बांधायची आणि कोणत्या बाटलीत डिझेल जास्त साठतं ते पाहायचं. ज्यात जास्त, तो गळका. बाटल्या भरत होत्या आणि त्याची बडबड चालू होती. एकदा आवाज दचकून वर गेला तसा तो खेकसला, "अबे! सांगतलं ना, दाबू नोको!"

"असं रागावू नोको रे," जिजाबाई मागून म्हणाली.

प्रीतम हसला. "कोनाले, माय?"

"शिकनाऱ्यावर खेकसलं का तो अजून बिचकतो. तुहा बाप तुले सायकल शिकवे तवा किती वरडे. तू दर बारीले पडे."

"मी इंजिनाशी बोलून राह्यलो, माय."

जिजाबाई गाडीच्या काचेकडं बघत होती. ऊन काचेवर होतं, त्यामुळं आतलं काही दिसण्याजोगं नव्हतं. "हौ का," ती म्हणाली. जरा वेळानं पुन्हा म्हणाली, "पन बरं जमून राह्यलं आता. आधी किती आचके देत होतं."

डॉक्टरांनी सांगितलंच होतं, रक्तात घाण साठली की माणूस भ्रमतो. खेप चुकल्याची ही खूण आहे, असं प्रीतमला वाटलं. त्यानं हात पुसले, जाऊन तिचे पाय पाहिले. घोट्यावर बोट दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला.

"परवा गाडीनंच नेतो तुले," तो म्हणाला. "एकदम आरामात."

"मले नाई जायचं गोंदियाले."

"असं म्हनू नोको, माय."

"तू गाडी दुरुस्त कर ना बाप्पा," ती हळूच म्हणाली. "मले काय दुरुस्त करतं?" तिनं शाल ओढून घेतली आणि पुन्हा काचेकडं बघू लागली. प्रीतमला राग आला, रडू आलं, आणि दोन्ही गिळून तो बाटल्यांकडं परत गेला. चारही बाटल्या सारख्याच भरल्या होत्या. इंजेक्टर ठणठणीत होते.

५

शेवटी त्यानं फकिराला बोलावलं. फकिरा शेजारचा, गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. त्याच्याकडं गाडीच्या संगणकाला जोडायचं स्कॅनर होतं आणि त्याची त्याला फार मिजास होती.

"जयभीम मावशी," अंगणात वाकून तो शेडमध्ये आला. "काय भाऊ, पेचकसानं नाई ऐकू आलं काय? आता मेरी मशीन देखो."

स्कॅनर जोडलं. गाडी चालू होती, दोघंही बोनेटपाशी उभे होते, आत कुणी नव्हतं. फकिरा आकडे वाचत गेला. हवा बरोबर, तेलाचा दाब बरोबर, पाणी गरम झालेलं. मग तो थांबला. "भाऊ, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय कोनाचा हाय?"

"कोनाचा म्हंजे? मी इथं उभा, तू इथं उभा."

"मंग हे बघ." पडद्यावर अ‍ॅक्सिलरेटरच्या पट्टीचा आकडा होता. शून्य असायला हवा होता. तो थोडा वर जात होता, थांबत होता, खाली येत होता. आणि त्याच्याच मागोमाग इंजिनाचा आवाज वर, खाली. प्रीतमनं आयुष्यात हजारदा हे पाहिलं होतं. नवखा माणूस पट्टीवर पाय ठेवतो तेव्हा हे असंच होतं. पाय कुठं ठेवावा कळत नाही, ठेवला की भीती वाटते, भीती वाटली की उचलतो.

"सेन्सर गेला," फकिरा म्हणाला. "और क्या."

"हौ. सेन्सरच," प्रीतम म्हणाला, आणि त्याला फार हायसं वाटलं. किती दिवस हवेच्या नि तेलाच्या मागं फिरत होतो! पट्टीच खोटं सांगत होती आणि इंजिन बिचारं ऐकत होतं.

मग त्याच्या मनात आलं की आत वाकून ती पट्टी प्रत्यक्षात हलते आहे की काय ते पाहावं. नुसता आकडाच खोटा असेल तर पट्टी हलणार नाही. दार उघडायचं, मान घालायची, बघायचं. क्षणभराचं काम. तो दारापर्यंत गेलाही. हात कडीवर ठेवला. दाराचा पत्रा इंजिनाच्या थरथरीनं थरथरत होता, आणि त्याच्या हाताखालची ती थरथर एकाएकी थांबली. आवाज एका रेषेत आला. आत कुणी श्वास धरून बसावं, तसा.

"ठीक झालं काय?" फकिरानं विचारलं. "इधर जीरो बता रहा है."

प्रीतमनं हात काढून घेतला. "सेन्सरच हाय," तो म्हणाला. "नवीन मागवतो."

६

नवा सेन्सर बसला आणि गाडी गुळगुळीत झाली. फकिरानं पुन्हा स्कॅनर लावलं. शून्य. गाडी उभी राहून कितीही वेळ चालली तरी शून्य. बोनेटवर भरलेला चहाचा ग्लास ठेवला तर चहा हलेना. "एकदम मक्खन," फकिरा म्हणाला, आणि आपल्या मशीनला त्यानं प्रेमानं थोपटलं.

प्रीतम गाडी घेऊन वैनगंगेच्या पुलापर्यंत गेला. दुपारची वेळ, राइस मिलच्या भुशाचा वास सगळीकडं पसरलेला. बसताना त्यानं सीट मागं घेतली. ती पुन्हा पुढं होती, पण त्यानं त्यावर काही विचार केला नाही. निदान विचार केला नाही असं स्वतःला सांगितलं. मागचं दाखवणारा आरसा खाली वळलेला होता. त्यात रस्ता दिसत नव्हता, त्याचा स्वतःचा गळा दिसत होता. तो नीट केला. फाटकापाशी गाडी उभी राहिली, मालगाडी जाईपर्यंत एकसारखी चालत राहिली, एकदाही अडखळली नाही. आनंद व्हायला हवा होता.

पण क्लच दाबताना एक गोष्ट होत होती. त्याचा पाय पोचायच्या किंचित आधीच पट्टी खाली जायला लागत होती. केसभर. एखाद्याला शिकवताना त्याचा पाय आपल्या पायाखाली असावा, आणि आता त्याला सांगावं लागत नसावं, तसं.

पुलावर गाडी बाजूला घेऊन तो नदीकडं बघत बसला. खाली वाळूत बगळे उभे होते. त्यानं सगळं पुन्हा ओळीनं मांडून पाहिलं. पाइप फाटका होता, हे खरं. व्हॉल्व्ह जाम होता, हेही खरं. सेन्सर जुना होता. प्रत्येक कामानंतर गाडी थोडी सुधारली. म्हणजे कामानं सुधारली. पण प्रत्येक काम करताना तो बोलतही होता. हळू म्हणाला होता, दम धर म्हणाला होता, बंद पडली तर चावी मागं कर म्हणाला होता. समजा, गाडी कामानं सुधारलीच नसेल. समजा, कुणीतरी रोज...

पुढचं वाक्य त्यानं मनात पुरं होऊ दिलं नाही. त्याला भीती वाटली. भर दुपारी, माणसांच्या रस्त्यावर, स्वतःच्या हातानं उघडून बसवलेल्या गाडीत त्याला भीती वाटली आणि तिची लाजही वाटली. काय सांगणार होता तो दीपिकाला? आरसा वळला होता म्हणून मायला नेऊ नको? पाय सुजून भप्प झालेत, रात्री ती बसून श्वास घेते, रेल्वेचा धक्का तिला सोसत नाही, आणि मी, एवढा मिस्त्री, म्हणू की गाडी फारच चांगली चालते म्हणून नको?

घरी येऊन तो एवढंच म्हणाला, "झाली. पन उद्या मीबी येतो संग."

७

सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर निघायचं ठरलं. टर्बोची गाडी चालू केल्या केल्या पळवायची नसते, थोडी उभी चालू ठेवून गरम होऊ द्यायची असते. प्रीतमनं ती चालू केली, हीटर लावला आणि मायला उचलून मागच्या सीटवर बसवलं. ती आज अगदी हलकी लागली. पण चेहरा टवटवीत होता. तिनं केस नीट विंचरले होते, नवं लुगडं नेसली होती.

"एवढी कायले सजली, माय? सुया टोचून घ्याले?" त्यानं थट्टा केली.

तिनं त्याचा गाल चाचपला. "तू लय चांगलं शिकवलं रे बापा," ती म्हणाली. त्याला वाटलं, दीपिकाबद्दल बोलते आहे. दीपिकाला गाडी त्यानंच शिकवली होती.

दीपिका घरातून आली, चालकाच्या दारापर्यंत पोचली आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "आई गं, थर्मास राह्यला," आणि परत वळली. प्रीतम फाटकाकडं गेला. ते फाटक म्हणजे एक डोकेदुखीच होती. वाट अरुंद, डाव्या हाताला सिमेंटचा खांब, आणि पुढं लगेच ट्रकांचा रस्ता. गाडी बाहेर काढायची तर एकानं रस्त्यावर उभं राहून हातानं सांगावं लागे. तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला. समोरून ऊन थेट गाडीच्या काचेवर पडलं होतं आणि काच नुसती पांढरी झळकत होती.

मागं दार लागल्याचा आवाज झाला. घराचं की गाडीचं, त्यानं पाहिलं नाही. एक नजर खांबावर, एक नजर ट्रकांवर.

"येऊ दे," तो म्हणाला.

गाडी हलली. धक्का नाही, उचकी नाही. चाक खांबाच्या बाजूला जायला लागलं तसा त्यानं पंजा फिरवला. "उजवीकडं काट. थोडं अजून. बस, सीधी. येऊ दे, येऊ दे." त्यानं बोटानं दाखवावं आणि चाकानं तसंच वळावं. खांबाला बोटभर जागा ठेवून ती बाहेर आली. त्यानं येणाऱ्या ट्रकला हात केला, ट्रक थांबला, गाडी रस्त्याला लागली आणि कडेला उभी राहिली, त्याला आत घ्यायला उभी राहावी तशी. उभी राहून चालत राहिली, एका सुरात. इंडिकेटर लागला होता. गोंदियाच्या बाजूचा नव्हता, उलट्या दिशेचा, लामत्याच्या बाजूचा होता.

"अवो बाई, इकडून कुठं?" म्हणत तो पुढच्या दाराशी गेला आणि कडीला हात घातला.

"दादा!" मागून दीपिकाचा आवाज आला. "थांब ना, मी बसली नाई अजून!"

त्यानं मान वळवली. दीपिका अंगणात, पायरीवर उभी होती. तिच्या एका हातात थर्मास होता, चप्पल अर्धी पायात.

त्यानं मान परत फिरवली. इकडून काचेवर ऊन नव्हतं. चालकाची सीट पार पुढं ओढलेली होती, स्टिअरिंगला भिडलेली, आणि कडीपाशी तो उभा होता तिथून तिच्या पाठीमुळं पुढचं काही दिसत नव्हतं. दिसली ती माय. दोन सीटांच्या मधून ती पुढं वाकली होती. एवढ्या महिन्यांत तिला असं आधाराशिवाय वाकलेलं त्यानं पाहिलं नव्हतं. एक हात चालकाच्या सीटवर ठेवून, दुसरा लांब करून, ती पुढच्याला रस्ता दाखवत होती. आणि काहीतरी हसून सांगत होती.

कडी त्याच्या बोटांतून सुटली. ओढली नाही, हिसकली नाही, नुसती निघून गेली.

"माय!" तो ओरडला आणि धावत सुटला. ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, दीपिका मागून किंचाळत होती, आणि या सगळ्यात त्याचे कान, त्याचे मेले शिकलेले कान, फक्त गाडीचं ऐकत होते. पहिल्यातून दुसरा गिअर पडला. कुरकुर नाही, आचका नाही. क्लच किती सोडावा ते बरोबर कळलेला पाय. रेल्वे फाटकात जी अडखळली होती, भर गर्दीत जी मेली होती, ती गाडी तिच्या सगळ्या आयुष्यात कधी चालली नसेल अशी चालली होती. अंतर वाढत होतं. मागच्या काचेत मायचे पांढरे केस दिसत होते, मग पांढरा ठिपका, मग नुसती काच.

त्याच्या छातीत श्वास मावेना. तरी तो धावत होता आणि घसा फाटेस्तोवर ओरडत होता, जे त्यानं जन्मात कुठल्या गाडीला सांगितलं नव्हतं ते सांगत होता, "बंद पड! बंद पड ना बाप्पा! एक डाव बंद पड!"

तिसरा गिअर कधी पडला ते त्याच्या कानांनाही कळलं नाही.